बिघडलेल्या खडकाची साक्ष

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी देशभर झळकली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने लगेच खुलासा केला: अंदाज आहे तो ५२,८०६ टन खनिजाचा, त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोनं, म्हणजे एकूण सुमारे १६० किलो. कुठे तीन हजार टन आणि कुठे १६० किलो! सोनं म्हणजे जमिनीत पुरलेला मोहरांचा हंडा, ही आपली जुनी समजूत अशा बातम्यांना हवा देते. टनभर खडकात तीन ग्रॅम सोनं म्हणजे जेमतेम वाटाण्याएवढं, तेही बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत विखुरलेलं. म्हणून जाणता भूवैज्ञानिक थेट सोन्यामागे धावत नाही. तो बिघडलेला खडक शोधतो. आपल्याकडे सोन्याचा शोध रखडला आहे तो या खडकाचा चिकाटीने माग न काढल्यामुळे, असं माझं मत आहे.

कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीचं उदाहरण घ्या. तिथला मूळ खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर ओतलेला बेसाल्टचा लाव्हा. पुढे तो गाडला गेला, दाबला गेला, तापला आणि भेगाळला. खोलवरून आलेलं, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक असलेलं तीन-चारशे अंशांचं पाणी त्या भेगांतून वर चढलं. या पाण्यात सोनं गंधकाच्या सोबतीने विरघळून प्रवास करतं. वाटेत लोहसमृद्ध बेसाल्ट भेटला की लोह गंधकाला ओढून घेतं, त्याचं पायराइट बनतं आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. सामान्य खडकात टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम असणारं सोनं असं हजारपट साठतं. सोन्याची शीर काही मीटर रुंद असली, तरी पाण्याने बदललेल्या, म्हणजेच बिघडलेल्या, खडकाचं वलय तिच्याभोवती बरंच दूर पसरतं. लांबचा खडक क्लोराइटमुळे हिरवट असतो. जवळ येऊ तसा कार्बोनेटमुळे त्याचा रंग उडतो, अभ्रक वाढतं, पायराइट आणि आर्सेनोपायराइटचे कण चमकू लागतात. विंधनातून निघालेल्या खडकाच्या दांड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की लांबच्या खडकातलं कॅल्साइट हे कार्बोनेट लगेच फसफसतं, शिरेजवळचं अँकेराइट मात्र भुकटी केल्याशिवाय फारशी दाद देत नाही. एवढ्या साध्या चाचणीतूनही शीर कोणत्या बाजूला असावी, याचा अंदाज बांधता येतो.

यावर मराठी वाचकाच्या मनात पहिली शंका येईल ती अशी की, सह्याद्रीही बेसाल्टचाच, मग तिथे सोनं का नाही? दख्खनचा लाव्हा अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचे थर बहुतेक ठिकाणी अजून आडवेच आहेत. त्यातही पाणी फिरलं, पण कमी तापमानाचं, आणि त्याने पुणे-जळगाव भागातली जगप्रसिद्ध झिओलाइट खनिजं घडवली. नुसता बेसाल्ट असून भागत नाही; तो गाडला जाऊन भेगाळावा आणि खोलवरचं तापलेलं पाणी त्यातून फिरावं लागतं. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळतात त्या भंडारा-नागपूरकडच्या साकोली पट्ट्यातल्या, दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुन्या खडकांत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बिघडलेला खडक मैलोन्‌मैल आढळतो आणि त्यातला बहुतेक सोन्याविना असतो; मग ही साक्ष कितपत भरवशाची? एकटी घेतली तर फारशी नाहीच. खडक कुठे कातरला गेला, कातरपट्टा कुठे वळला आणि पाण्याला थांबायला पोकळी कुठे मिळाली, हे सोबत जुळावं लागतं. पण ही छाननी नकाशा, मातीचे नमुने आणि मोजकी विंधनं यांवर होते, आणि तिचा खर्च आंधळेपणाने खणण्याच्या मानाने किरकोळ असतो. बरं, सोनं नुसत्या डोळ्यांनी शोधायचं म्हटलं तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या कॅल्गुर्लीने दाखवलं आहे. तिथे १८९३ मध्ये सोनं सापडलं. पण टेल्युरियमशी जखडलेलं सोनं खाणवाल्यांना ओळखू आलं नाही. त्यांनी तो दगड टाकाऊ समजून रस्त्यांच्या भरावात घातला आणि खरा प्रकार कळल्यावर रस्तेच उखडले.

आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच खणून काढलं, असंही म्हटलं जातं. हट्टीतल्या प्राचीन खाणी खरोखरच थक्क करतात, आणि १८८० मध्ये जॉन टेलर ही खाणकंपनी कोलारला आली तेव्हा तिनेही जुन्या खड्ड्यांचाच माग काढला. पण जुन्यांना पृष्ठभागावर उघडी पडलेली शीरच दिसणार. मातीखाली दडलेली किंवा वर तोंडच न काढणारी शीर त्यांच्या आवाक्याबाहेर होती. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, आठशे टनांहून अधिक सोनं देऊन २००१ मध्ये बंद पडली. खर्च परवडेनासा झाला होता. त्यावरून दक्षिणेतले सगळेच पट्टे संपले, हा निष्कर्ष घाईचा आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने सोन्यासह खोलवरच्या खनिजांसाठी वेगळा शोध-परवाना आणला, हे योग्यच झालं; अंगणात काय आहे हे ठाऊक नसताना लिलावात बोली कोण लावणार? मात्र याने आपली सोन्याची आयात थांबेल अशी स्वप्नं कोणी विकू नयेत. देशातलं वर्षाचं उत्पादन एक-दोन टनांच्या आसपास घुटमळतं आणि आयात शेकडो टनांची आहे. तेव्हा पुढच्या वेळी अमुक टन सोनं सापडल्याची बातमी आली, तर वाचकांनी आधी विचारावं, टनामागे किती ग्रॅम आणि हा अंदाज किती विंधनांवरून बांधला आहे.