आमच्या अंगणातला वाळा

गवत म्हटले की आपल्याला वैरण आठवते, नाहीतर खुरपणी. पण काही गवते मुद्दाम लावतात, आणि ती बागेत शोभूनही दिसतात. आमच्या अंगणात जास्वंद आणि झेंडू आहे. त्यांच्या खालच्या अंगाला, उतारावर, वाळ्याची ओळ आहे. पाहुणे विचारतात, "हे काय, ऊस लावलाय का?" तसे अगदीच चुकीचे नाही. ऊस, ज्वारी, बांबू आणि वाळा ही सगळी गवताच्याच कुळातली!

वाळा आपल्याच देशातला. तो जवळजवळ पुरुषभर वाढतो. पाने अरुंद, लांब, टोकाला वाकलेली. पुढे त्याला जांभळट तुरे येतात. वारा सुटला की सगळी ओळ एका बाजूला कलते, ते बघत बसायला मला फार आवडते. गवती चहाचा वास पानात असतो, वाळ्याचा मात्र मुळात. म्हणून मुळ्यांची जुडी माठात टाकतात. मुळ्यांचे पडदे करून दारा-खिडक्यांना लावतात नि त्यांवर पाणी मारतात. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेते, म्हणून आत येणारा वारा गार लागतो.

हरळी आडवी पसरते. वाळा तसा पसरत नाही, त्याची मुळे सरळ खाली जातात, चांगली दोन-तीन मीटर! त्यांची दाट जाळी माती धरून ठेवते. वरून वाहत आलेली मातीही ठोंबांपाशी अडते. २०२१ च्या जुलैत धो धो पाऊस झाला तेव्हा शेजारचा मोकळा उतार खचला आणि चिखल वाटेवर आला. आमचा बांध जागच्या जागी राहिला.

लावायला बी लागत नाही. जुना ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे. पाने वीतभर ठेवून छाटायची. पहिला चांगला पाऊस झाला की उताराला आडवे, वीत-वीत अंतरावर लावायचे. ऊन भरपूर हवे. सावलीत वाळा खुरटतो. पानांची कड हाताला कापते, तेव्हा छाटताना बाह्या खाली सोडाव्यात.

गेल्या उन्हाळ्यात घरी बोलणे निघाले, मुळ्यांना भाव आहे, ओळ खणून विकू या. आजी म्हणाली, "बांध खणून वास विकायचा व्हय?" मला आजीचेच पटले. मुळ्या काढायच्या तर अख्खा ठोंब उपटावा लागतो आणि माती मोकळी होते. शेवटी वडिलांनी तोड काढली. दोन पोत्यांत वाळू-माती भरून त्यात वेगळे ठोंब लावले. मुळ्या भरायला साधारण दीड वर्ष लागते. मग पोते फाडले की झाले, खणायला नको!

ओळीतले ठोंब आता दाट झालेत. कुणाला हवे असतील तर मृग लागण्याआधी मला सांगावे. न्यायला येताना ओले गोणपाट आणावे, म्हणजे मुळे सुकणार नाहीत.

(इयत्ता सातवी)