रणगाड्याखाली सरपटणारा मेजर राणे

परमवीर म्हटलं की बंदूक डोळ्यांपुढे येते. कारवारजवळच्या चेंडियात जन्मलेले रामा राघोबा राणे मात्र बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ता मोकळा करणारे. एप्रिल १९४८, भारत-पाक युद्ध, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी मार्ग. उखळी माऱ्यात सहकारी पडले, स्वतः जखमी. तरी सुरुंग काढायला ते चालत्या रणगाड्याखाली, त्याच्याच वेगाने सरपटत गेले. चालकाला इशारा दोरी ओढून! (माझ्या मते लष्करी धाडसाची याहून विलक्षण गोष्ट नाही.) परमवीर चक्र त्यांना हयातीतच मिळालं. १९५५मध्ये लग्न, पत्नी राजेश्वरी, पुढे मुलंबाळं. १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त, ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निधन. कारवारला गेलात तर किनाऱ्यावरच्या ‘चपळ’ युद्धनौकेशेजारी त्यांचा पुतळा नक्की बघा.