पाऊल का उचलत नाही?

खुर्चीवर बसा आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या थोडे खाली, बोटाने चाचपून पाहा. एक टणक उंचवटा लागेल. नडगीच्या हाडाशेजारून जे बारीक हाड घोट्यापर्यंत उतरते, त्या बहिर्जंघास्थीचे हे डोके. त्याच्या लगेच खाली हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू मागून पुढे येतो. वर कातडी, खाली हाड. मध्ये स्नायूंची गादी जवळजवळ नाहीच. इथे बोट दाबून ठेवू नका, हलकेच फिरवा. काहींना पावलाच्या वरच्या भागात मुंग्या आल्यासारखे वाटेल.

या मज्जातंतूला डॉक्टर ‘पेरोनिअल’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘पेरोने’ आणि लॅटिनमधील ‘फिब्युला’ या दोन्ही शब्दांचा अर्थ वस्त्राला लावायची पिन. नडगीचे हाड आणि त्याच्या बाजूचे हे हाड एकत्र पाहिले, तर ही उपमा पटते.

पुढे त्याच्या दोन शाखा होतात. खोल शाखा पाऊल आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना आज्ञा देते; वरवरची शाखा पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या दोन स्नायूंना. वळशाच्या जागी मज्जातंतू दबला की पाऊल लोंबू लागते. माणूस गुडघा जास्त उचलून चालतो आणि पाऊल जमिनीवर फटकन आपटते. चप्पल पायातून निसटते. ‘चालायची ढब बदलली’ एवढेच घरच्यांच्या लक्षात येते. वर्गातल्या मुलाच्या बाबतीत हे सर्वांत आधी शिक्षकांना दिसू शकते.

दबण्याची कारणे साधी असतात: गुडघ्याखाली घट्ट बसलेले प्लॅस्टर, दीर्घ आजारात एकाच कुशीवर पडून राहणे, पायावर पाय टाकून तासन् तास बसणे. निंदणी किंवा भाजी खुडणी करताना दिवसभर उकिडवे बसणाऱ्यांनाही हा त्रास होतो. आजारपणात एकदम वजन उतरले की होती ती थोडी चरबीही जाते आणि धोका वाढतो.

आपल्याकडे मात्र आणखी एक कारण विसरून चालणार नाही, ते म्हणजे कुष्ठरोग. त्याच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात आणि कातडीलगतचा हा मज्जातंतू तसाच आहे. २००५ च्या अखेरीस भारतात ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न’ म्हणून या रोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ दहा हजार लोकसंख्येत एकाहून कमी रुग्ण, एवढाच. २०२३ सालीही देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. पाऊल लोंबत असेल आणि अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठावा. औषधे तिथे मोफत मिळतात.

पाऊल लोंबले म्हणजे दोष गुडघ्याशीच आहे, असेही नाही. कमरेच्या मणक्यातील चकती सरकून पाचव्या कटिमज्जातंतूचे मूळ दबले, तरी हेच दिसते. फरक ओळखण्याची परीक्षा सुंदर आहे. रुग्णाला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगून हाताने विरोध करायचा. आत वळवणाऱ्या मुख्य स्नायूला आज्ञा पोहोचते ती पोटरीतून जाणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूतून. पण तिचा उगम कमरेच्या त्याच मुळात आहे. म्हणून आत वळवण्याची ताकद शाबूत असेल तर संशय गुडघ्याकडे जातो, तीही कमी असेल तर कमरेकडे.

खात्रीसाठी विजेचा सूक्ष्म झटका देऊन संदेशाचा वेग मोजतात. निरोगी मज्जातंतूत तो सेकंदाला सुमारे ५० मीटर असतो, म्हणजे १० सेंटिमीटरला २ सहस्रांश सेकंद. वळशाजवळच्या तेवढ्याच टप्प्याला ४ सहस्रांश लागले, तर वेग तिथे निम्मा झाला. हे गणित आठवीच्या वर्गातही करता येईल.

उपचारात पहिले काम दाब काढण्याचे. नुसते वरचे आवरण दुखावले असेल, तर काही आठवड्यांत ते सुधारते. आतला तंतू तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. १० सेंटिमीटर जायला तीन महिने. तोवर पाऊल काटकोनात धरणारी पट्टी बांधतात. कुष्ठरोगात जंतुनाशक औषधांबरोबर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन देतात. दुबळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. त्यानंतर ती झपाट्याने घटते.

वेळ गेलीच, तरी मार्ग आहे. पाऊल आत वळवणाऱ्या त्याच स्नायूची कंडरा सोडवून पुढे आणतात आणि पावलाच्या वरच्या बाजूला जोडतात. आता तो स्नायू पाऊल उचलतो! वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर कंडरा हलवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पावलासाठीही तेच तत्त्व वापरले जाते. मेंदूला मात्र नवी सवय लावावी लागते.

आता घोट्याकडे येऊ. बाहेर वळवणाऱ्या दोन स्नायूंच्या कंडरा बाहेरच्या घोट्यामागच्या खाचेतून, एका पट्ट्याखालून, दोरी कप्पीवरून जावी तशा वळतात. खो-खोत पाय मुरगळला की सारे ‘लचक’ म्हणून सोडून देतात. साध्या लचकीत दुखणे घोट्याच्या पुढे व खाली असते. ते घोट्याच्या मागे असेल आणि पाऊल वर-बाहेर वळवताना काही ‘टक्’ करून सरकत असेल, तर पट्टा फाटून कंडरा खाचेबाहेर येत असावी. सोनोग्राफीत ही हालचाल प्रत्यक्ष दिसते. चोळून घेणे इथे अपायकारक. नुसती सूज असेल तर विश्रांती पुरते. कंडरा वारंवार सरकत असेल तर पट्टा शिवावा लागतो, कधी खाच खोल करावी लागते. मूल चार पावलेही टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढावा.