विश्लेषण : बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ कोणी म्हटले?

मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी सोलापुरात निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. ‘अरण्यऋषी’ हे बिरुद त्यांना चिकटले खरे, पण त्यामागचा खाकीतला नोकरदार झाकला गेला.

वनाधिकारी लेखक कसा झाला?

सोलापुरात १९३२ मध्ये जन्म, कोइमतूरच्या वन महाविद्यालयात प्रशिक्षण आणि मग साडेतीन दशकांहून अधिक काळ वन खात्यात सेवा. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही बदलीची ठिकाणे पुढे पुस्तकांची ठिकाणे झाली. नवेगावबांधला जलाशयावरील पक्ष्यांबरोबरच तिथल्या माणसांनी त्यांना घडवले. माधवराव पाटलांसारखे जाणकार आणि जंगलात राबणारे आदिवासी जे सांगत, ते चितमपल्ली वहीत उतरवून घेत. खात्याच्या दप्तरात अशा माहितीसाठी रकानाच नसतो.

शब्दांचे महत्त्व काय?

बगळे, करकोचे, पाणकावळे एकाच मोठ्या झाडावर दाटीने घरटी करतात. अशा वीण-वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. हा केवळ भाषेचा हौशी खेळ नव्हे. नाव नसेल, तर विणीच्या हंगामात चिंच किंवा वड पाडला तरी ‘एक झाड तोडले’ एवढीच नोंद होते. पिल्लांसह गेलेली वसाहत कुठेच दिसत नाही. ‘पक्षीकोश’ घडला तो याच गरजेतून. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र, ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’ यांनी या शब्दांना वाचक मिळवून दिला. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

सारेच शास्त्र मानायचे का?

नाही. कावळ्याने आंबा, करंजावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर कमी, हा संकेत त्यांच्यामुळे घरोघरी पोहोचला. दर मे महिन्यात तो हवामानाच्या अंदाजासारखा छापलाही जातो. मात्र लोकज्ञान नोंदवणे वेगळे आणि ते पडताळणे वेगळे. घरटे कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला आणि त्या वर्षी त्या गावात पाऊस किती मिलिमीटर, अशा सलग वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी असतील तरच संकेताची परीक्षा होईल. त्यासाठी चितमपल्लींसारखी वही रोज लिहावी लागते.