रुग्णनियंत्रित वेदनाशामक पंप

रुग्णनियंत्रित वेदनाशामक पंप हे शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदना कमी करण्यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून रुग्णालयांत ते ‘पीसीए’ म्हणून ओळखले जाते. वेदना वाढू लागताच रुग्ण हातातील बटण दाबतो आणि पंप औषधाची ठरावीक, लहान मात्रा त्याच्या शिरेत सोडतो.

इतिहास

पूर्वी शस्त्रक्रियेनंतर काही तासांच्या अंतराने स्नायूत इंजेक्शन देण्याची पद्धत होती. रुग्णाने वेदना सांगायची, परिचारिकेने खातरजमा करून औषध आणायचे आणि ते भिनेपर्यंत रुग्णाने कळ सोसायची, असा हा क्रम असे. परिणामी रुग्ण कधी वेदनेत, तर कधी गुंगीत राही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी रुग्णाच्या मागणीनुसार औषध देण्याची कल्पना मांडली. १९७६ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे विकसित झालेला ‘कार्डिफ पॅलिएटर’ हा बाजारात आलेला असा पहिला पंप होय.

कार्यपद्धती

पंपात सामान्यतः मॉर्फिन किंवा फेंटानिल भरतात. प्रौढांमध्ये मॉर्फिनची एका वेळची मात्रा बहुधा १ मिलिग्रॅम असते. त्यानंतर सुमारे ५ ते १० मिनिटे बटण कितीही वेळा दाबले तरी औषध मिळत नाही. या सक्तीच्या विरामापेक्षाही महत्त्वाचे संरक्षण रुग्णाच्या गुंगीत असते : झोपेने डोळे मिटू लागलेला रुग्ण बटण दाबत नाही. म्हणूनच बटण फक्त रुग्णानेच दाबायचे असते. ‘झोपेत कण्हतो आहे’ म्हणून आईने किंवा मुलाने मायेपोटी बटण दाबले, तर हे संरक्षणच नाहीसे होते व श्वसन धोकादायकरीत्या मंदावू शकते.

रुग्णांचे अनुभव

वेदनेवरील नियंत्रण स्वतःच्या हाती येणे हा या पंपाचा मुख्य लाभ मानला जातो. मात्र १९९६ मध्ये ब्रिटनमधील टेलर, हॉल आणि सामन यांनी रुग्णांच्या मुलाखतींवरून वेगळे चित्र मांडले. रुग्णांना नियंत्रणापेक्षा अधिक मोल वाटत होते ते परिचारिकेकडे वेदना बोलून दाखवण्याच्या व औषध मागण्याच्या अडचणीतून सुटका झाल्याचे. गजबजलेल्या वॉर्डात रात्री दोनदा हाक मारण्याचा संकोच ज्याने अनुभवला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

बटण हाती असूनही काही रुग्ण ते दाबत नाहीत. व्यसन लागेल, मात्रा जास्त होईल ही भीती असते. शिवाय दुखणे सोसावे, ही शिकवणही आड येते. काहींना मळमळ वेदनेहून असह्य होते, मग ते थोडे दुखणे पत्करून औषध कमी घेतात. तास-दोन तास झोप लागली की रक्तातील औषध उतरते आणि जाग येते ती कळांनीच. अशा वेळी एका मात्रेने भागत नाही. विरामाची माहिती न दिलेल्या रुग्णाला वारंवार दाबूनही आराम पडेना की यंत्र बिघडल्याची शंका येते. त्यामुळे पंपाची माहिती शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना देणे आवश्यक असते. भुलीतून बाहेर येताना सांगितलेले बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

परिणामकारकता व मर्यादा

२०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार पारंपरिक पद्धतीच्या तुलनेत या पंपाने वेदना काहीशा अधिक कमी होतात आणि रुग्णांचे समाधान वाढते; मात्र औषध थोडे जास्त वापरले जाते व खाजेचे प्रमाणही वाढते. सूचना समजू न शकणारी लहान मुले, शस्त्रक्रियेनंतर भ्रम झालेले वृद्ध आणि बटण दाबण्याइतके बळ हातात नसलेले रुग्ण यांच्यासाठी ही पद्धत योग्य नाही. निद्राश्वसनरोध असलेल्यांवर विशेष देखरेख ठेवावी लागते. श्वसन फारच मंदावल्यास नॅलॉक्सोन हा उतारा दिला जातो.