तुमचा पिन : दहा हजारांत एक की चोवीसांत?

एक काम करा. हातातला फोन लॉक करा आणि खिडकीच्या उजेडात जरा तिरका धरा. नुकताच वडापाव खाऊन झाला असेल तर उत्तमच! दिसतायत ना स्क्रीनवर बोटांचे डाग? आकड्यांच्या जागी, नेमके चार?

माझ्याही फोनवर होते. हॉस्टेलमध्ये एका रात्री माझ्या रूममेटने माझा फोन असाच ट्यूबलाइटखाली धरला, दोनदा आकडे दाबले आणि उघडलेला फोन माझ्या हातात दिला. मी जाम वैतागलो. चार आकडी पिन दहा हजार प्रकारे करता येतो, हे मला माहीत होतं. मग याला दुसऱ्याच प्रयत्नात कसं जमलं? जादूबिदू काही नव्हती. त्याने फक्त नीट मोजलं होतं. अकरावीत ज्याला आपल्यापैकी अनेकांनी हात जोडले आणि ऑप्शनला टाकलं, त्या ‘पर्म्युटेशन’च्या धड्यातलं मोजणं.

‘आणि’ आलं की गुणा, ‘किंवा’ आलं की मिळवा

या अख्ख्या धड्याचा पाया दोन शब्दांवर उभा आहे. समजा, कॉलेजच्या फेस्टला जायचंय. कपाटात तीन कुर्ते आणि दोन जीन्स आहेत. प्रत्येक कुर्त्यावर दोनपैकी कुठलीही जीन्स चालते. म्हणजे ३ × २ = ६ जोड्या. कुर्ता ‘आणि’ जीन्स, दोन्ही निवडायचंय, म्हणून गुणाकार. आता ताई म्हणाली, ‘त्यापेक्षा माझ्या दोन साड्यांपैकी एखादी नेस ना!’ मग कुर्ता-जीन्सच्या सहा जोड्या ‘किंवा’ दोन साड्या, म्हणजे ६ + २ = ८ पर्याय. एक घेतलं की दुसरं आपोआप बाद, म्हणून बेरीज.

झालं! पुढची सगळी सूत्रं यातूनच निघतात.

आता पिनकडे या. पहिल्या जागी ० ते ९ पैकी कुठलाही आकडा, म्हणजे दहा पर्याय. दुसऱ्या जागीही दहा, तिसऱ्या आणि चौथ्या जागीही दहा. १० × १० × १० × १० = १०,०००. हे झाले सगळे शक्य पिन.

पण ‘एक आकडा दोनदा घ्यायचा नाही’ असं ठरवलंत तर? पहिल्या जागी दहा पर्याय, पण एक वापरला गेला, म्हणून दुसऱ्या जागी नऊ, मग आठ, मग सात. १० × ९ × ८ × ७ = ५,०४०. दहापैकी चार वस्तू निवडून ओळीने मांडण्याच्या या प्रकारांना पर्म्युटेशन म्हणतात. आणि गंमत बघा, ‘आकडा रिपीट करू नको, सेफ राहतं’ असा सल्ला आपण एकमेकांना देतो. प्रत्यक्षात तो पाळला की पर्याय जवळजवळ निम्म्यावर येतात!

विष्णूचे चार हात

आता डागांकडे वळू. चार डाग म्हणजे चार आकडे समोरच्याला कळले. क्रम तेवढा कळायचा राहिला. पहिल्या जागी चारपैकी एक, मग तीनपैकी एक, मग दोनपैकी, शेवटी उरेल तो. ४ × ३ × २ × १ = २४. दहा हजारांवरून थेट चोवीसवर! एक पिन दाबायला पाच सेकंद धरले आणि फोनने मध्ये अडवलं नाही, तर दहा हजार पिन तपासायला जवळजवळ चौदा तास लागतील. चोवीस पिनना लागतील दोन मिनिटं.

हाच चोवीसचा हिशेब साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी मांडला होता. ११५० सालच्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. त्यात ते विचारतात, की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म अदलाबदल करून दिले, तर किती वेगवेगळी रूपं होतील? उत्तर अर्थातच २४. घरी पूजा सांगताना गुरुजी केशव, नारायण, माधव, गोविंद अशी चोवीस नावं घेतात, ती आठवतात? मूर्तिशास्त्रात त्या प्रत्येक नावाच्या मूर्तीत चार आयुधांचा क्रम वेगळा असतो.

त्याच उदाहरणात शंकरही आहे, दहा हातांचा आणि दहा आयुधांचा. त्याची रूपं किती? १० × ९ × ८ असं करत १ पर्यंत गुणत गेलं की येतात ३६,२८,८००. सेकंदाला एक रूप या वेगाने, न झोपता बघत बसलात, तर बरोबर ४२ दिवस लागतील. विष्णूचं काम मात्र २४ सेकंदांत आटपतं. हात वाढले सहाच, पण गुणाकार कुठल्या कुठे गेला!

आणि हे आचार्य काही फार लांबचे नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणला सापडलेल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापन केल्याची नोंदही त्यात आहे.

तीन डाग बरे की चार?

आता जरा डोकं खाजवा. स्क्रीनवर चारऐवजी तीनच डाग दिसले, म्हणजे पिनमध्ये एक आकडा दोनदा आलाय. मग पिन शोधणं सोपं की अवघड?

‘तीनच आकडे, म्हणजे सोपं,’ असं वाटतं ना? मोजून बघू. समजा डाग २, ५ आणि ८ वर आहेत. पैकी दोनदा आलेला कुठला, हेच आधी माहीत नाही. इथे तीन पर्याय. समजा तो ५ आहे. मग २, ८, ५, ५ यांच्या मांडण्या किती? सगळे आकडे वेगळे असते तर २४. पण दोन ५ आपसांत बदलले तरी पिन तोच राहतो, म्हणून २४ भागिले २, म्हणजे १२. आता ३ × १२ = ३६. म्हणजे तीन डाग चार डागांपेक्षा अवघड! सारखे आकडे आले की भागायचं, हा नियमही ‘अंकपाश’मध्ये आहे. तिथलं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ या आकड्यांचं आहे. १२० ला ६ ने भागून उत्तर येतं २०.

दोनच डाग असतील तर? ते तुम्हीच काढा. उत्तर १४ यायला हवं.

मोजणी कुणाच्या बाजूने?

पण खरं सांगू? २४ काय आणि ३६ काय, दोन मिनिटं की तीन, एवढाच फरक. माझा रूममेट चोवीसपर्यंतही गेला नाही. त्याला ०, २, ३ आणि ७ वर डाग दिसले. माझ्या वाढदिवसाचा केक त्याने स्वतः आणला होता, २७ मार्चला. पहिल्यांदा त्याने दाबलं २७०३. नाही उघडला. मग ०३२७. उघडला! महिना आधी लिहून मी फार हुशारी केलीय, असं मला वाटत होतं.

या धड्यातून मी शिकलो ते हे, की ‘एकूण पिन किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘समोरच्याला जे माहीत आहे, ते वगळून किती उरले’ हा खरा प्रश्न. तारीख-महिना असा पिन ठेवलात की दहा हजारांचे राहतात ३६६. तुमचा वाढदिवस ठाऊक असणाऱ्यासाठी दोनच, सरळ आणि उलटा. जन्मसाल ठेवलंत तर? कॉलेजात असाल तर तुमचं जन्मसाल साधारण पाच-सहा सालांपैकी एक असणार. एटीएमवर सहसा तीन चुका चालतात. नुसता अंदाज बांधणाऱ्याला दहा हजार पिनपैकी तीन तपासता येतात. जन्मसाल ताडणाऱ्याला सहापैकी तीन, म्हणजे निम्मी लढाई तो तिथेच जिंकला. आणि फोनचं लॉक, एटीएम आणि यूपीआय, तिन्हींना एकच पिन असेल, तर एक कुलूप उघडलं की अख्खं घर उघडं. त्यात महिन्याचे मेसचे पैसेही आले आणि पुढच्या सेमिस्टरची फीसुद्धा.

चिठ्ठ्या टाका

मग करायचं काय? ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या करा. एक उचला, आकडा टिपा आणि चिठ्ठी परत आत टाका. परत टाकणं महत्त्वाचं, नाहीतर दहा हजारांचे ५,०४० होतात, हे आता तुम्हाला माहीत आहे. असं चार वेळा करा. सहा आकडी पिन चालत असेल तर सहा वेळा, मग पर्याय होतात दहा लाख. दर कुलपाला वेगळा पिन काढा. आलेला आकडा आवडला नाही म्हणून बदलू नका. आवडीचा आकडा म्हणजेच कुणालातरी ओळखता येणारा आकडा. आणि पिन पाठ झाला की टिपलेला कागद फाडून टाका.

स्क्रीन शर्टाला पुसायला विसरू नका.

आणि हो, आज घरी गेलात की आईचा फोन हातात घ्या. त्याचा पिन तुम्हीच सेट करून दिला होता ना? तिला लक्षात राहावा म्हणून तुमची जन्मतारीख टाकली होती. नव्या चिठ्ठ्या काढा. या वेळी आकडे तिलाच उचलू द्या.