माझ्याकडे तर चालतो!

पुस्तकातील मुद्रणदोष शेवटच्या पानावर शुद्धिपत्र छापून निस्तरता येतात. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचे दोष मात्र परक्याच्या घरी जाऊन उघडे पडतात! अशाच एका दोषाची ही कबुली.

नोकरी सांभाळून रात्री जागून मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. मराठी मजकुराची फाइल दिली की तो शब्दांची अकारविल्हे यादी करून देई. प्रोग्राम मुक्त होता. म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, त्याची मूळ संहिता वाचावी, हवी तर सुधारावी.

२०१९ च्या दिवाळीआधी कोकणातील एका शाळेच्या बाईंची ईमेल आली. मुलांनी आपापल्या आज्यांची बोली लिहून काढली होती नि तिचा शब्दसंग्रह करायचा होता. शाळेत ‘रास्पबेरी पाय’ होता. मुलांना प्रोग्राम लिहायला शिकता यावं म्हणून इंग्लंडातील केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ मध्ये बाजारात आणलेला हा संगणक जेमतेम पत्त्यांच्या कॅटाएवढा! त्यावर माझा प्रोग्राम सुरू होताच कोलमडत होता.

मी ताबडतोब कळवलं, “माझ्याकडे तर चालतो. आपल्या यंत्रातच दोष असावा.”

आठ दिवसांनी उत्तर आलं, “तसंच असेल. ज्या मुलानं प्रोग्राम चालवला, त्याला वाटतं की यंत्र आपल्याच हातून बिघडलं. तो आता त्याला हात लावत नाही. यंत्र कपाटात ठेवलं आहे.”

सौ. करंज्या कातत होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, त्यांचं यंत्र कसं असतं ते पाहिलंत तरी का तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी मी तसलंच यंत्र विकत आणलं. प्रोग्राम चालवला. कोलमडला! मग ‘व्हॅलग्रिंड’ हे स्मृतीचा हिशेब तपासणारं मुक्त अवजार लावलं. त्यानं ओळीसकट दाखवलं, की फाइल मावेल एवढीच जागा मागून माझा प्रोग्राम तिच्या पलीकडेही लिहीत सुटला होता. परक्या जागेत पाय पडताच लिनक्सनं त्याला बाहेर काढलं होतं.

पण तो थांबत का नव्हता? गंमत अशी, की ‘सी’ भाषेत फाइल संपली की वाचणाऱ्या आज्ञेकडून ‘उणे एक’ हा अंक मिळतो. तो मी चुकून एका बाइटच्या लहान डब्यात ठेवत होतो. माझ्या इंटेलच्या यंत्रावर त्या डब्यात −१२८ ते १२७ असे अंक मावतात. तिथं उणे एक हा उणे एकच राहतो. ‘रास्पबेरी पाय’चा प्रोसेसर एआरएम जातीचा. तिथं लिनक्सवर तोच डबा ० ते २५५ धरतो नि उणे एकाचे २५५ होतात. ‘संपलं’ हा निरोप माझ्या प्रोग्रामला कधी कळतच नव्हता! हा अंक मोठ्या डब्यात ठेवावा, हे कर्निघॅन आणि रिची यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

खात्रीसाठी मी कंपायलरला सूचना दिली, की लहान डबा ‘पाय’सारखाच धर. माझंही यंत्र कोलमडलं. मी आनंदानं ओरडलो. “बंद पडलं म्हणून हसणारे तुम्हीच!” सौ. म्हणाली.

खरी लाज पुढेच होती. युनिकोडपूर्वीच्या एखाद्या फाइलीत २५५ हा बाइट आला, तर माझं यंत्र ‘संपलं’ समजून अर्ध्यातच थांबत होतं, तेही मुकाट्यानं. म्हणजे ‘माझ्याकडे चालतो’ हेही खरं नव्हतं. त्या शाळेच्या यंत्रानं निदान बोंब तरी मारली!

मी त्या मुलाला सविस्तर लिहिलं. डब्याची गोष्ट सांगितली, चूक माझी असल्याचं कबूल केलं नि दुरुस्त संहिता पाठवली. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं:

“काका, यंत्र कपाटातून काढलं. तुमची संहिता वाचली. खाली दुसऱ्या फाइलीतही लहानच डबा आहे. तिथं चालतो का?”

चालत नव्हता.